टक्का बदलला म्हणून शोध लागला का?

पोलादाच्या पेटंटचा अर्ज पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला तो निव्वळ आकड्यांचा तक्ता वाटतो. कार्बन इतका ते इतका, मँगनीज इतके ते इतके, मग क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि शेवटी ‘उर्वरित लोह व अटळ अशुद्धी’. पुढे एखादा जुना कागद सापडतो, त्यातही तसाच तक्ता असतो. मग दोन्ही शेजारी ठेवून आकडे जुळवणे सुरू होते. जुळले तर ‘हे तर उघड आहे’, न जुळले तर ‘हे नवीन आहे’. असा निवाडा दोन्ही बाजूंनी फसतो. टक्केवारी तंतोतंत जुळत नसूनही दावा उघड असू शकतो आणि टक्केवारी शेजारीच असूनही तो अस्सल शोध असू शकतो. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. अर्जाच्या त्या तारखेला, त्या धंद्यातल्या कसबी धातुतज्ज्ञाला या आकड्यांकडे वळायला काही कारण होते का? आणि वळल्यावर हाती काय लागेल याचा त्याला अंदाज होता का?

हा प्रश्न फक्त वकिलांचा नाही. कोल्हापूरची फाउंड्री असो, जालन्याची रोलिंग मिल असो की पुण्याचे फोर्जिंग युनिट, एखाद्या दिवशी ‘तुमचा ग्रेड आमच्या पेटंटमध्ये बसतो’ अशी नोटीस टेबलावर येऊ शकते. किंवा आपल्याच मेटलर्जिस्टने काढलेल्या ग्रेडवर अर्ज करावा का, हे ठरवायचे असते. दोन्ही वेळी तपासणी तीच.

आधी कायदा, थोडक्यात. 1970 च्या पेटंट कायद्यातल्या कलम 2(1)(जेए) प्रमाणे शोधात विद्यमान ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवे, किंवा दोन्ही. आणि शिवाय त्यामुळे तो शोध त्या विषयातल्या कुशल माणसाला उघड वाटता कामा नये. त्या ‘शिवाय’कडे लक्ष द्या. निकेल कमी करून टनामागे पैसे वाचवले, एवढ्याने भागत नाही. ते वाचवणे कुणालाही सुचण्याजोगे होते की नाही, हे पाहावेच लागते. सर्वोच्च न्यायालयाचा या विषयावरचा पायाभूत निकाल धातुकामाच्याच धंद्यातला आहे. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात वाद होता तो धातूची भांडी लेथवर पकडण्याच्या युक्तीचा. डिसेंबर 1978 मध्ये न्यायालयाने ते पेटंट टिकू दिले नाही. वर्कशॉपमध्ये रोजच्या कामात होणारी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हे सूत्र आपल्याकडे तिथून पक्के झाले.

आता हा ‘कुशल माणूस’ कोण, ते ठरवा आणि कागदावर लिहून काढा. ही पायरी लोक सर्रास गाळतात. दावा बोल्टच्या पोलादाचा असेल तर तो माणूस लो-अलॉय पोलाद वितळवणारा, रोल करणारा आणि हीट ट्रीटमेंट जाणणारा मेटलर्जिस्ट. त्याच्या कपाटात हँडबुके आहेत, आयएस, एएसटीएम, जिस ही मानके आहेत आणि पोलाद कंपन्यांची जुनी पेटंटे आहेत. बोरॉनने हार्डनेबिलिटी वाढते, मँगनीज सल्फाइडमुळे आडव्या दिशेची टफनेस घटते, फॉस्फरस वाढला की ठिसूळपणा येतो, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. पण तो प्रतिभावंत संशोधक नाही. जे माहीत आहे त्यातून सरळ निष्कर्ष काढतो, त्यापलीकडे उडी मारत नाही. तुम्ही स्वतः तीस वर्षे भट्टीवर काढली असतील तर तुमची नजर या माणसापेक्षा तीक्ष्ण असण्याचा संभव आहे. ती बाजूला ठेवूनच बसायला हवे.

दावा वाचताना काही बारीक जागा असतात. ‘0.5 टक्क्यांपर्यंत’ म्हणजे शून्यही आले. म्हणजे ते मूलद्रव्य नसलेले जुने पोलादही त्या दाव्यात बसते. ऐच्छिक म्हणून दिलेली निओबियम, व्हॅनेडियम, कॅल्शियमची लांबलचक यादी दाव्याला भारदस्त करते, पण वेगळे काढणारे काहीच देत नाही. बोरॉन कुठे पीपीएममध्ये लिहिलेला असतो, कुठे टक्क्यांत. 10 पीपीएम म्हणजे 0.0010 टक्के, इथे एक शून्य चुकले तर सगळी तुलना वाया. ‘समाविष्ट असलेले’ आणि ‘फक्त यांचेच बनलेले’ या दोन शब्दप्रयोगांत दाव्याची व्याप्ती आरपार बदलते. स्क्रॅपवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत तांबे, कथील आपोआप येतात. दाव्यात ‘तांबे 0.3 टक्क्यांपर्यंत’ असेल आणि जुन्या कागदात तांब्याचा उल्लेख नसेल, तर तेवढ्यावर फरक आहे असे धरून चालू नका.

जुने कागद शोधताना पेटंटांच्या मागे असलेले तक्ते नीट वाचा. जपानी पोलाद कंपन्यांच्या अर्जांत वीस-तीस हीट्सचे, म्हणजे भट्टीतून एकेका वेळी काढलेल्या पोलादांचे, तक्ते असतात. काही हीट्स ‘शोधानुसार’, काही ‘तुलनेसाठी’. बहुतेक लोक पहिल्याच वाचतात. माझ्या मते ऐवज दुसऱ्या भागात असतो. कुणीतरी आपल्या शोधाच्या बाहेरचे म्हणून टाकून दिलेले पोलाद नेमके आज तुमच्यापुढे असलेल्या दाव्याच्या चौकटीत बसलेले सापडते.

एक ठोस उदाहरण करून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातले धातुशास्त्र खरे आहे. दावा असा: कार्बन 0.18 ते 0.24 टक्के, मँगनीज 1.0 ते 1.4, बोरॉन 0.0010 ते 0.0030, टायटॅनियम 0.02 ते 0.05, नायट्रोजन जास्तीत जास्त 0.008, आणि एक अट: टायटॅनियम हे नायट्रोजनच्या 3.4 पटींपेक्षा कमी नसावे. अशी सूत्रे पाहून वाचणारा दबकतो. घाबरू नका, आकडे घालून पाहा. समजा जुन्या पेटंटात एक हीट आहे: कार्बन 0.22, मँगनीज 1.20, बोरॉन 0.0020, टायटॅनियम 0.030, नायट्रोजन 0.0060. 0.0060 गुणिले 3.4 म्हणजे 0.0204. टायटॅनियम 0.030, म्हणजे अट पुरी झाली. जुन्या लेखकाने सूत्र लिहिले नव्हते, पण त्याचे पोलाद सूत्रात बसते. इथे उघडपणापर्यंत जायचीच गरज नाही, नावीन्यच उरत नाही.

आता त्याच हीटमध्ये टायटॅनियम 0.015 आहे असे धरा. अट मोडली, नावीन्य वाचले. मग पुढचा प्रश्न: 3.4 हा आकडा आला कुठून? टायटॅनियमचे अणुवस्तुमान सुमारे 47.9, नायट्रोजनचे 14, भागाकार 3.42. म्हणजे सगळा नायट्रोजन टायटॅनियम नायट्राइडमध्ये बांधून टाकायला लागणारे हे रासायनिक प्रमाण. बोरॉन पोलादात नायट्रोजन मोकळा राहिला तर तो बोरॉनला धरतो, मग बोरॉन हार्डनेबिलिटीच्या कामी येत नाही. म्हणून टायटॅनियम घालायचे, हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 0.015 वरून 0.03 वर जायला त्याला कारण आहे आणि परिणामाचा अंदाजही आहे. हा दावा उघड.

पण अर्जदाराने उलटी वाट धरली असेल तर? समजा त्याने टायटॅनियम मुद्दाम 0.005 च्या खाली ठेवले, कारण टायटॅनियम नायट्राइडचे मोठे, टोकदार कण टफनेस बिघडवतात. ‘सगळे टायटॅनियम घालतात, याने काढले’ म्हणून लगेच दाद देऊ नका. ॲल्युमिनियमने नायट्रोजन बांधण्याची वाटही जुनी आहे. ती वाट कोणत्या जाडीच्या प्लेटसाठी, कोणत्या थंड करण्याच्या वेगासाठी माहीत होती, ते शोधा. तुमचा निकाल त्या तपशिलावर ठरेल.

टायटॅनियमचा विषय निघालाच आहे तर मिश्रधातूंच्या पेटंटांत सतत पुढे येणारा एक अमेरिकी निकाल सांगतो. तो पोलादाचा नाही, टायटॅनियम मिश्रधातूचा आहे, पण धडा तोच. कोव्हिंग्टन आणि पामर या दोघांनी निकेल व मॉलिब्डेनम असलेल्या टायटॅनियम मिश्रधातूवर अर्ज केला. एका दाव्यात निकेल 0.6 ते 0.9 आणि मॉलिब्डेनम 0.2 ते 0.4 टक्के होते, आणि गरम खाऱ्या पाण्यात हा मिश्रधातू गंजत नाही हे त्याचे वैशिष्ट्य सांगितले होते. समोर आला 1970 चा एक छोटा रशियन लेख. त्यातल्या आलेखावर एक ठिपका होता: निकेल 0.75, मॉलिब्डेनम 0.25. गंजण्याबद्दल त्या लेखात अवाक्षर नव्हते. 1985 मध्ये टायटॅनियम मेटल्स विरुद्ध बॅनर या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की मिश्रधातू जुना असेल तर त्याचा नवा गुण सापडला म्हणून तो मिश्रधातू नवा होत नाही. एका ठिपक्याने अख्खी चौकट पडली.

दुसरा दावा अधिक नेमका होता: निकेल 0.8, मॉलिब्डेनम 0.3. हा बिंदू रशियन लेखात नव्हता. पण त्याच्या दोन बाजूंना दोन ठिपके होते, एक वर सांगितलेला आणि दुसरा निकेल 0.94, मॉलिब्डेनम 0.31. इतक्या जवळच्या मिश्रधातूंचे गुण सारखेच असतील अशी धातुतज्ज्ञाची अपेक्षा असणार, म्हणून तो दावा उघड ठरला. ‘जवळ’ म्हणजे किती, याचे उत्तर न्यायालयाने टक्क्यांत दिले नाही. गुण सारखे असण्याची अपेक्षा, हे माप दिले. हे माप मला फार मोलाचे वाटते, कारण पोलादात जवळपणा मूलद्रव्यागणिक बदलतो. मँगनीजमध्ये 0.1 टक्क्याचा फरक बहुधा कुणाच्या लक्षातही येणार नाही. बोरॉनमध्ये 0.002 टक्क्याने सगळे पारडे फिरते: काही पीपीएम असताना हार्डनेबिलिटी झपाट्याने वाढते आणि 30 पीपीएमच्या वर फायदा ओसरून ठिसूळपणाची भीती सुरू होते.

मग नव्या गुणाचे श्रेय कधीच नाही का? आहे, पण ते योग्य गोष्टीवर मागायला हवे. क्रोमियमचे प्रमाण जास्त असलेली पोलादे फ्रान्समध्ये लिऑन गिये यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बनवून अभ्यासली होती, त्यांचे न गंजणे मात्र हेरले नव्हते. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 मध्ये ते हेरले. त्यांच्या 1916 च्या अमेरिकी पेटंटचा विषय होता सुऱ्या-काट्यांसारख्या वस्तू: क्रोमियम 9 ते 16 टक्के, कार्बन 0.7 च्या आत. ज्या गुणाचा शोध लागला त्या गुणावर चालणाऱ्या वस्तूकडे दावा वळवला होता. आज अर्ज लिहिताना हे लक्षात असू द्या.

उघड नसलेले पोलाद कसे दिसते, यासाठी रॉबर्ट हॅडफिल्ड यांच्याइतके चोख उदाहरण मला दुसरे माहीत नाही. 1880 च्या सुमारास पोलाद बनवणाऱ्यांचा अनुभव होता की मँगनीज अडीच टक्क्यांच्या वर गेले की पोलाद ठिसूळ होते. चार-पाच टक्क्यांना तर हातोडीखाली त्याचा चुरा व्हायचा. आलेख काढला असता तर रेघ सरळ खाली जात होती आणि पुढे आणखी खाली जाईल असेच कुणीही म्हटले असते. 1882 मध्ये हॅडफिल्ड यांनी प्रमाण वाढवतच नेले आणि 12-13 टक्क्यांपाशी, सुमारे 1 टक्का कार्बनसह, विलक्षण चिवट, चुंबकाला न चिकटणारे पोलाद हाती आले. दुसरे आश्चर्य असे की साधे पोलाद तापवून पाण्यात बुडवले की कडक आणि ठिसूळ होते. हे पोलाद हजार अंशांवरून पाण्यात बुडवले की उलट चिवट होते. खडी क्रशरच्या जॉ प्लेट, रेल्वेची क्रॉसिंग अजूनही त्याच पोलादाची असतात.

धातुतज्ज्ञ आज याचे कारण एका वाक्यात सांगेल: इतके मँगनीज असले की ऑस्टेनाइट खोलीच्या तापमानालाही टिकतो. कारण कळल्यावर सगळे साधे दिसते, आणि धोका तिथेच आहे. निवाडा करताना 1882 चा माणूस डोळ्यांपुढे आणा. त्याच्याजवळ ते कारण नव्हते, होता फक्त ठिसूळपणाचा अनुभव. सगळे ज्ञान ज्या दिशेला जाऊ नको म्हणत होते, त्या दिशेला जाऊन हे मिळाले. तुमच्या हातातल्या दाव्याबाबत असे काही आहे का, ते तपासा: जुन्या लिखाणात ‘अमुक टक्क्यांच्या वर नको’ असा स्पष्ट इशारा आहे का? ‘आम्हाला 0.8 पुरले’ म्हणणे म्हणजे इशारा नव्हे. ‘1.0 च्या वर वेल्डला तडे जातात’ म्हणणे हा इशारा.

दोन कागद जोडून दावा उघड ठरवायचा असेल तर जोडणीचे कारण द्यावे लागते. घोडे बहुधा इथेच अडते. व्हॅनेडियम घ्या. टूल स्टीलमध्ये ते टक्क्यांत असते, झिजेला तोंड देणारे कठीण कार्बाइड बनवायला. वेल्ड होणाऱ्या प्लेटमध्ये ते 0.1 टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, बारीक कणांनी ताकद वाढवायला. मूलद्रव्य एक, कामे दोन. टूल स्टीलचा कागद दाखवून ‘प्लेटमध्ये व्हॅनेडियम घालणे उघड’ म्हणणारा आक्षेप पोकळ आहे. उलट सिलिकॉन टेम्परिंगमध्ये सिमेंटाइट तयार व्हायला उशीर लावते, ही यंत्रणा स्प्रिंग स्टीलच्या पुस्तकात वाचली तरी दुसऱ्या लो-अलॉय पोलादाला लागू होते, कारण दोन्हीकडे टेम्पर केलेला मार्टेन्साइटच आहे. जोडणी टिकते ती यंत्रणेच्या जोरावर. पेटंट नियंत्रकालाही हे कारण लिहावेच लागते: ॲग्रीबोर्ड प्रकरणात 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बजावले की जुन्या कागदात काय आहे, अर्जात काय आहे आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत कुशल माणूस कसा पोहोचेल, या तिन्हींची चर्चा आदेशात हवी.

अनपेक्षित परिणामाचा पुरावा आला की तो तीन ठिकाणी दाबून पाहा. पहिले, तुलना कशाशी केली आहे? बाजारातल्या साध्या ग्रेडशी केलेली तुलना सोपी असते. हवी ती सर्वांत जवळच्या जुन्या पोलादाशी, त्याच हीट ट्रीटमेंटनंतर. दुसरे, फरक खरा आहे का? शार्पी चाचणीचे आकडे, विशेषतः टफनेस कोसळण्याच्या तापमानपट्ट्यात, एकाच प्लेटमधल्या नमुन्यांतही बरेच इकडेतिकडे होतात. 40 ज्यूलवरून 45 झाले, हा पुरावा नाही. तिसरे, पुरावा दाव्याच्या सगळ्या व्याप्तीला पुरतो का? 2003 च्या अमेरिकी पीटरसन प्रकरणात निकेल सुपरअलॉयमध्ये 1 ते 3 टक्के ऱ्हेनियम मागितले होते, जुन्या कागदात 0 ते 7 टक्के होते. अर्जदाराने 2 टक्क्यांना ताकद वाढल्याचे दाखवले. न्यायालयाने म्हटले, 2 चा पुरावा 1 ते 3 च्या अख्ख्या पट्ट्याला पुरत नाही. आपल्या कारखान्यातून अर्ज करणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे: एका हीटच्या जोरावर रुंद पट्टा मागू नका. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आणि टोकांच्या जरा बाहेर हीट्स काढा. खर्च होतो, पण तो अर्जाआधी झालेला परवडतो. शिवाय कलम 3(ई) चा आक्षेप, म्हणजे हे नुसते मिश्रण आहे आणि गुणांची फक्त बेरीज झाली आहे, त्यालाही हाच डेटा उत्तर देतो.

सूक्ष्मरचनेचा उल्लेख असलेल्या दाव्यांबाबत एवढेच: ‘मार्टेन्साइट 90 टक्क्यांहून जास्त’ असे लिहिले असेल तर जुन्या कागदातली रचना आणि प्रक्रिया पाहा. दोन्ही जवळपास तीच असतील तर सूक्ष्मरचनाही तीच असणार असे गृहीत धरले जाते, आणि तशी नाही हे दाखवण्याचा भार अर्जदारावर येतो. थंड करण्याचा वेग वेगळा असेल तर मात्र हे गृहीतक चालत नाही.

बाजारातले यश हा आधार दुय्यम आहे, तरी फेकून देण्यासारखा नाही. मोटारींच्या भागांसाठी ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या बोरॉन पोलादावरून आर्सेलरमित्तल आणि एके स्टील यांच्यात अमेरिकेत खटला झाला. 2012 मध्ये अपिली न्यायालयाने उघडपणाचा प्रश्न याच मुद्द्याच्या फेरतपासणीसाठी परत पाठवला. पोलाद खपते ते किमतीमुळे, क्षमतेमुळे, जुन्या करारांमुळेही. खप आणि दाव्यातले नेमके वैशिष्ट्य यांचा धागा दाखवता आला तरच हा आधार घ्या.

विरोध करायचा असेल तर वेळेचे भान ठेवा. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कुणीही विरोध नोंदवू शकतो. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीला पुन्हा संधी मिळते. त्यानंतर उच्च न्यायालय. महाराष्ट्र-गोव्यातल्या अर्जदारांचे कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. विरोधाबरोबर मेटलर्जिस्टचे प्रतिज्ञापत्र जोडाल, तेव्हा त्यात ‘मला हे उघड वाटते’ एवढेच वाक्य असू देऊ नका. त्या तारखेपूर्वीचे कोणते हँडबुक, कोणते मानक, कोणती हीट. त्यावरून त्या वेळच्या माणसाने कोणता बदल केला असता आणि त्याला कोणत्या परिणामाची अपेक्षा असती, हे क्रमाने लिहा. जुन्या कागदातली हीट स्वतः काढून पाहिली असेल तर हीट नंबर, स्पेक्ट्रोचा रिपोर्ट, हीट ट्रीटमेंटचा चार्ट आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे चाचणी प्रमाणपत्र जोडा. चाचणीचे जे निकाल तुमच्या विरोधात जातात तेही त्यातच द्या; उलटतपासणीत ते बाहेर येतातच.